पाहुणा म्हणून पॉडकास्टवर पाठवायचंय, पण नेमक्या कुठल्या?

धंतोलीची_पीआरवाली

नमस्कार मंडळी. मी नागपुरात जनसंपर्काचं छोटं काम करते. आधी काम सरळ होतं: बातमी लिहायची, पेपरच्या कार्यालयात पाठवायची, छापून आली की कात्रण क्लायंटला द्यायचं. गेल्या वर्षभरात सगळ्यांची मागणी एकच झाली आहे, "मॅडम, आम्हाला पॉडकास्टवर घ्या."

सध्या माझ्याकडे तीन जण आहेत. एक हिंगणा एमआयडीसीत दाल मिलची यंत्रं बनवतात. दुसऱ्या काटोलकडच्या ताई, संत्र्याचा पल्प आणि मार्मलेड करतात. तिसरे हाडांचे डॉक्टर. तिघांच्याही तोंडी नावं तीच: थिंक बँक, मित्रम्हणे, अमुक तमुक, व्हायफळ. कार्यक्रम चांगलेच आहेत, मी स्वतः ऐकते. पण दाल मिल विकत घेणारा माणूस तिथे ऐकायला बसलेला असतो का, हा माझा प्रश्न आहे. माझ्या मते पॉडकास्ट निवडताना आपल्या क्लायंटचं गिऱ्हाईक काय ऐकतं तेवढंच बघावं, कार्यक्रम किती गाजलाय हे नंतर. पण ते शोधायचं कसं? तुम्ही कसं शोधता, सविस्तर सांगा. पैसे देऊन जागा घेण्याचं बजेट नाही आणि इच्छाही नाही.

बर्डीकर

यूट्यूबवर विषय टाका, जास्त व्ह्यूजवाले दहा चॅनेल काढा, मेल टाका. एवढा विचार काहून करून राहिल्या ताई?

माईक_चालू_आहे

बर्डीकर भाऊ, थोडं थांबा. मी स्वतः नागपुरातून मुलाखतींचा पॉडकास्ट चालवतो, म्हणून आतली बाजू सांगतो.

व्ह्यूज बघायचेच असतील तर असे बघा. चॅनेलवरचे गेले वीस-पंचवीस भाग काढा. त्यातले नट, नेते, क्रिकेटवाले बाजूला काढा. उरले ते तुमच्या क्लायंटसारखे लोक, ज्यांचं नाव पाहून कोणी क्लिक करत नाही. त्यांच्या भागांना किती लोक आले? तो त्या कार्यक्रमाचा स्वतःचा श्रोता. अनेक मोठ्या चॅनेलवर हा आकडा एकदम खाली घसरतो, कारण लोक पाहुण्यासाठी येतात, कार्यक्रमासाठी नाही. उलट काही लहान चॅनेलवर प्रत्येक भागाला साधारण तेवढेच लोक असतात. माझ्या दृष्टीने ते सोनं आहे. त्या लोकांचा सूत्रसंचालकावर विश्वास असतो, तो ज्याला बोलावेल त्याला ते ऐकतात.

दुसरं, शॉर्ट्सचे व्ह्यूज वेगळे धरा. चाळीस सेकंदांची क्लिप लाखभर लोकांनी अंगठ्याने सरकवली म्हणून तासाभराची मुलाखत कोणी ऐकली असं होत नाही.

तिसरं, कमेंट वाचा. "खूप छान" आणि हात जोडलेल्या चिन्हांवर जाऊ नका. कोणी प्रश्न विचारलाय का ते बघा. "ही मशीन किती एचपीची?", "हे सिंगल फेजवर चालेल का?" अशी एक कमेंट मला हजार लाइक्सपेक्षा मोलाची वाटते.

झिरोमाईलचा_पोरगा

शोधायची साधनं सांगतो, माझं रोजचं काम तेच आहे.

लिसन नोट्स हे पॉडकास्टसाठीचं सर्च इंजिन आहे. तिथे विषयाने तर शोधता येतंच, पण भागांच्या नावात आणि वर्णनातही शोधता येतं. पॉडचेझरवर कोण कुठल्या भागात पाहुणा होता याच्या नोंदी असतात. रिफॉनिकवर एका कार्यक्रमाचे श्रोते आणखी काय ऐकतात ते जाळ्यासारखं काढून दाखवतात. तिन्ही ठिकाणी थोडं फुकट, बाकी पैसे देऊन.

सगळ्यात कामाची युक्ती मात्र पाहुण्याचा माग काढायची. तुमच्या क्लायंटसारखाच धंदा करणारा, त्याच्यापेक्षा एक पायरी पुढे असलेला माणूस निवडा. त्याचं नाव अवतरण चिन्हात टाकून शोधा. तो जिथे जिथे बोलला ते कार्यक्रम लिहून काढा. तिथे त्या विषयाला जागा आहे हे सिद्धच झालं. मग त्या कार्यक्रमांतले इतर पाहुणे बघा, ते आणखी कुठे गेले ते शोधा. तासाभरात हातात चांगली यादी येते.

संपर्कासाठी: जुन्या पद्धतीचा पॉडकास्ट आरएसएस फीडवर (ॲपना नवे भाग कळवणारी इंटरनेटवरची फाईल) चालतो, आणि फीडमध्ये बऱ्याचदा मालकाचा ईमेल असतो. वेबसाइटवरचा फॉर्म भरून वाट बघण्यापेक्षा तो बरा.

आणि "टॉप पन्नास पॉडकास्ट" छापाचे लेख जपून वापरा. २०२४ साली गूगल पॉडकास्ट बंद झालं, तरी त्याच्या लिंक देणारे लेख अजून फिरून राहिले. यादीतल्या प्रत्येक नावाचा शेवटचा भाग कधीचा आहे ते आधी बघा. कितीतरी कार्यक्रम आठ-दहा भागांतच थांबतात.

धंतोलीची_पीआरवाली

@झिरोमाईलचा_पोरगा, पाहुण्याचा माग काढायची युक्ती फार आवडली. पण लिसन नोट्सवर मराठी टाकलं की फारच कमी सापडतं. असं का?

झिरोमाईलचा_पोरगा

कारण ही साधनं आरएसएस फीड वाचतात. आपल्याकडचे बरेच मुलाखतीचे कार्यक्रम फक्त यूट्यूबवर असतात, ते तिथे येत नाहीत. मराठीसाठी यूट्यूबचा शोधच वापरा, पण वरचा फिल्टर लावून: वीस मिनिटांपेक्षा मोठे व्हिडिओ आणि याच वर्षातले. "पॉडकास्ट" शब्दही टाकू नका. कितीतरी जण त्याला गप्पा, मुलाखत, कट्टा म्हणतात. नुसतं "डाळ उद्योग मुलाखत" टाकून बघा, वेगळंच जग दिसेल.

हिंगणा_टी_पॉइंट

ताई, मी दाल मिलच्या लाइनीतलाच आहो (तुमचे क्लायंट नाही, दुसरा!), म्हणून सांगून राहिलो. आमचं गिऱ्हाईक नागपुरात किती आहे? थोडं कळमन्याच्या आसपास. बाकी अकोला, लातूर, गुलबर्गा, इंदूर, कटनी. अकोला-लातूर सोडलं तर मराठी पॉडकास्ट ऐकते कोण? इंदूर-कटनीवाला शेठ हिंदी ऐकते, गुलबर्ग्याचा हिंदी नाही तर कन्नड. मंग मराठीतल्या मोठ्या कार्यक्रमावर जाऊन तुमचे क्लायंट फोटो तर चांगला काढतील, पण चौकशीचा फोन येणार नाही.

गिऱ्हाईक काय ऐकते हे माहीत करायचं असन तर फिटरले विचारा. मशीन बसवाले तो आठ-आठ दिवस मिलवर राहते. ऑफिसात काय लावून ठेवलं असते, शेठ गाडीत काय ऐकते, मुनीम मोबाइलवर काय पाहते, त्याले सगळं ठाऊक असते. आमचा फिटर सांगते की बहुतेक ठिकाणी मंडीभाव आणि तेजी-मंदी सांगणारे हिंदी चॅनेल चालू असतात. त्यातले काही आठवड्यातून एखादी मुलाखत घेतात. मले तरी असल्या चॅनेलवर जावंसं वाटते.

माईक_चालू_आहे

@हिंगणा_टी_पॉइंट, जिंकलंत भौ. "फिटरले विचारा" हे मी भिंतीवर लिहून ठेवतो.

सदरवाली

मग मराठीने काय करायचं? सगळेच हिंदीकडे पळाले तर मराठी कार्यक्रमांना बोलणारे चांगले उद्योजक मिळणार कुठून? मला हे पटत नाही. विदर्भातल्या उद्योगांबद्दल मराठीत आधीच कमी बोललं जातं.

हिंगणा_टी_पॉइंट

सदरवाली ताई, तुमचं दुखणं खरं आहे, माझंही तेच आहे. पण डाळ विकली तर पगार होते. मशीन विकाले हिंदीत जाऊ, आणि मिल कशी टाकावी, कर्ज कसं मिळते, तुरीले तेल-पाणी देऊन उन्हात वाळवताना अवकाळी पाऊस आला तर काय करावं, हे नव्या पोरांले मराठीत सांगू. दोन्हीकडे जाऊ ना.

तर्रीपोहे_जास्त_तर्री

आणि पुण्याच्या कार्यक्रमात गेलात तर आपली बोली बदलू नका. "करून राहिलो" ऐकून कोणी हसलं तर हसू द्या, तो माणूस लक्षात तर राहील.

महालकर_आजोबा

मी निवृत्त वार्ताहर. तुम्ही सगळे फोनवरच्या कार्यक्रमांबद्दल बोलताय, पण काटोलच्या त्या ताईंसाठी आकाशवाणी का नको? नागपूर केंद्र १९४८ पासून आहे. शेतीचे कार्यक्रम संत्रा बागायतदार आजही ऐकतो. एक पत्र लिहा, विषय नीट मांडा, बोलावतात. पैसे द्यावे लागत नाहीत, उलट मानधन मिळतं.

धंतोलीची_पीआरवाली

काका, सूचना अगदी योग्य आहे, पण ताईंचं गिऱ्हाईक बागायतदार नाही. बागायतदार त्यांना संत्रा विकतो. त्यांच्याकडून पल्प घेणारे हॉटेलवाले, आइस्क्रीमवाले, बेकरीवाले. त्यांना गाठायचं आहे.

महालकर_आजोबा

मग फळ पुरवणारे गाठायला आकाशवाणी आणि पल्प घेणारे गाठायला पॉडकास्ट. कारखान्याला दोन्ही टोकं लागतात, मुली. हंगामात चांगलं फळ दारात आलंच नाही तर हॉटेलवाल्याला काय देणार?

धंतोलीची_पीआरवाली

हे मात्र मी धरलं नव्हतं. लिहून घेतलं, काका.

वरुड_मोर्शी_एक्स्प्रेस

संत्र्याचा विषय निघाला म्हणून: वेळेचं गणित सांभाळा. आंबिया बहाराचं फळ साधारण दिवाळीच्या आगेमागे येतं, मृगाचं फेब्रुवारीनंतर. पॉडकास्टवाले आज रेकॉर्ड करून महिना-दीड महिन्यांनी टाकतात. नोव्हेंबरात भाग हवा तर बोलणं ऑगस्टमध्येच सुरू करा. जानेवारीत मेल टाकून "संत्र्याचा हंगाम चालू आहे" म्हणाल तर भाग येईस्तोवर आंबिया संपलेला असेल.

आणि नुसतं "नागपूर संत्रं जगात भारी" यावर कोणी तासभर देणार नाही. नागपूर संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी छोटं फळ मातीमोल भावात का जातं, त्याचा पल्प केला तर शेतकऱ्याच्या हातात काय फरक पडतो, कडवटपणा येऊ नये म्हणून रस काढताना काय काळजी घेतात, हे ताईंना रोजचं आहे. सूत्रसंचालकाला हेच हवं असतं. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी आणि ताईंनी एकत्र बोलायचं सुचवलंत तर शेती आणि अन्नप्रक्रिया दोन्हीकडचे कार्यक्रम विचार करतील.

सिव्हिल_लाइन्स_वकील

डॉक्टरांबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. तिथे कार्यक्रम निवडण्याआधी नियम बघावे लागतात. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे व्यावसायिक आचरणाचे विनियम आजही लागू आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे आले होते, ते त्याच महिन्यात स्थगित झाले. २००२ च्या विनियमांत ७.११ हे कलम बघा. स्वतःची जाहिरात होईल किंवा रुग्ण ओढले जातील अशा मुलाखती डॉक्टरने देऊ नयेत असं त्यात आहे. सार्वजनिक आरोग्य आणि निरोगी राहणी यावर स्वतःच्या नावाने लिहायला, रेडिओ-टीव्हीवर बोलायला मात्र मुभा आहे.

म्हणजे "गुडघेदुखी कधी अंगावर काढू नये" हा विषय चालेल. "आमच्या रुग्णालयात नवीन मशीन, अमुक इतक्या शस्त्रक्रिया यशस्वी" चालणार नाही. रुग्णाला शेजारी बसवून डॉक्टरांची स्तुती करून घेणारे कार्यक्रम सरळ यादीतून काढा. सूत्रसंचालक शेवटी "पत्ता आणि नंबर सांगा" म्हणतोच, ते आधीच बोलून ठेवा.

पुढे वकील क्लायंट मिळाला तर आमच्याकडे बार कौन्सिलचा नियम ३६ आणखी कडक आहे. त्यात मुलाखतींचा स्पष्ट उल्लेख आहे.

धंतोलीची_पीआरवाली

वकीलसाहेब, मनापासून आभार. डॉक्टरांना हे आजच कळवते. त्यांना एका ठिकाणाहून नेमकी तशीच ऑफर आली आहे, रुग्णांसह. शिवाय "निर्मिती खर्च" म्हणून मोठी रक्कम मागितली आहे.

बर्डीकर

पैसे मागितले म्हणजे बोगस. विषय संपला.

माईक_चालू_आहे

इतकं सरळ नाही भाऊ. स्टुडिओचं भाडं, कॅमेरे, एडिटिंग यांचा खर्च खरा असतो आणि मराठी कार्यक्रमांना जाहिराती कमी मिळतात. मी घेत नाही, पण घेणाऱ्या प्रत्येकाला चोर म्हणणार नाही.

सदरवाली

घ्या ना, पण श्रोत्याला सांगा. पैसे देऊन आलेला माणूस आणि बोलावून आणलेला माणूस सारख्याच खुर्चीत बसतो तेव्हा फसवणूक ऐकणाऱ्याची होते. मी गृहिणी आहे, स्वयंपाक करताना हे कार्यक्रम ऐकते. त्या गप्पांवर विसंबून मी एकदा सासूबाईंना एका ठिकाणी दाखवायला नेलं. नंतर कळलं की तो पैसे भरून केलेला भाग होता. तेव्हापासून तो कार्यक्रम बंद.

सिव्हिल_लाइन्स_वकील

सदरवाली ताई म्हणतात तेच नियमही सांगतात. जाहिरात मानक परिषद म्हणजे आस्कीची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: मोबदला दिला-घेतला असेल तर तसं ठळक लिहायचं. २०२३ च्या जानेवारीत केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही तशीच सूचनापुस्तिका काढली. त्यामुळे कुठलाही सशुल्क कार्यक्रम "प्रायोजित असं लिहिणार नाही, काळजी नको" म्हणाला तर तिथूनच परत फिरा. तोंडी नको, मेलवर विचारा.

रेशीमबाग_एडिटर

एक बारीक गोष्ट. कार्यक्रम आकडे सांगतो तेव्हा काय विचारायचं? "एकूण डाउनलोड" विचारू नका, भाग टाकल्यापासून पहिल्या तीस दिवसांतले विचारा. आणि डाउनलोड म्हणजे फाईल फोनवर गेली इतकंच, ऐकली असं नाही. यूट्यूब असेल तर लोक सरासरी किती मिनिटं टिकले आणि कुठल्या प्रदेशातले होते ते चॅनेलवाल्याला यूट्यूब स्टुडिओत दिसतं, त्याचा स्क्रीनशॉट मागा. प्रामाणिक माणूस देतो. लहान कार्यक्रमवाले तर आनंदाने देतात, कारण त्यांना कोणी विचारतच नाही.

तर्रीपोहे_जास्त_तर्री

ताई, पत्र कसं लिहिता तेही सांगा ना. निवड बरोबर झाली आणि मेल "आदरणीय महोदय, आमचे क्लायंट सुप्रसिद्ध उद्योजक" असा गेला तर काय फायदा?

माईक_चालू_आहे

असे मेल मला रोज येतात. मी उघडतो, पहिल्या ओळीत "सुप्रसिद्ध" दिसलं की बंद करतो. ज्यांना होकार दिला त्यांच्यातला एक साधारण असा होता, तपशील बदलून देतो:

"दादा, तुमच्या तूर खरेदीवरच्या भागात पाहुणे म्हणाले की लहान मिलवाल्याची चुरी जास्त जाते आणि तुम्ही विचारलं, का जाते? उत्तर अर्धवट राहिलं. मी ज्यांच्यासाठी काम करते ते दाल मिलची यंत्रं बनवतात. कुठल्या टप्प्यावर दाणा फुटतो हे ते तुरीचा नमुना समोर ठेवून दाखवू शकतात. त्यांचा आधीचा दहा मिनिटांचा व्हिडिओ सोबत जोडला आहे, आवाज आणि बोलणं कसं आहे ते कळेल. ते माझे क्लायंट आहेत हे स्पष्ट सांगते."

बस. यात माझा भाग ऐकल्याचा पुरावा आहे, माझ्या श्रोत्याचा प्रश्न आहे, आणि माणूस बोलतो कसा हे कळायची सोय आहे. ही शेवटची गोष्ट फार जण विसरतात. मला हुद्दा नको, बोलणारा माणूस हवा.

हिंगणा_टी_पॉइंट

तुरीचा नमुना घेऊन जायची गोष्ट लय भारी. मी पण नेतो आता.

धंतोलीची_पीआरवाली

मंडळी, इतके दिवस शांत होते कारण तुम्ही सांगितलेलं करून बघत होते.

दाल मिलवाल्या साहेबांच्या फिटरशी बोलले. अगदी हिंगणा भाऊंनी सांगितलं तसंच निघालं, मंडीभावाचे हिंदी चॅनेल. त्यातले मुलाखत घेणारे वेगळे काढले, प्रत्येकाचे काही भाग पूर्ण ऐकले, अनोळखी पाहुण्यांच्या भागांखालचे प्रश्न वाचले. दोन चॅनेल असे आहेत की कमेंटमध्ये मिलवाले एकमेकांना मोटर किती वीज खाते ते विचारतात. तिथे मेल गेले, एकाचा होकार आला.

डॉक्टरांनी ती सशुल्क ऑफर नाकारली. आता ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या एका मराठी कार्यक्रमात घरात पडणं कसं टाळावं यावर बोलतील, रुग्णालयाचं नाव न घेता. काटोलच्या ताईंचं आकाशवाणीसाठीचं पत्र काकांनी तपासून दिलं. त्यांच्यासाठी बेकरी आणि हॉटेलवाल्यांचा कार्यक्रम मात्र अजून सापडलेला नाही, शोध चालू आहे.

अडचण वेगळीच आहे. दाल मिलवाले साहेब अजूनही म्हणतात, "ते मोठं नाव का नाही? नातेवाईक तेच बघतात."

वरुड_मोर्शी_एक्स्प्रेस

नातेवाईक मशीन घेणार आहेत का, एवढं विचारा.

महालकर_आजोबा

असं तोडून बोलू नका. माणसाने आयुष्यभर लोखंड कापलं, त्याला चार लोकांनी ओळखावं वाटतं, त्यात वावगं काय? आधी कामाचा कार्यक्रम होऊ द्या. दोन-तीन ठिकाणी बोलून सराव झाला की मोठ्या ठिकाणी त्यांची गोष्ट वेगळ्या अंगाने मांडा, यंत्राची नाही, त्यांच्या प्रवासाची. तेव्हा आधीच्या मुलाखती दाखवायला हाताशी असतील.

धंतोलीची_पीआरवाली

काका, हेच त्यांना सांगते. त्यांना पटेल असं वाटतं.

झिरोमाईलचा_पोरगा

ताई, काटोलच्या ताईंच्या पल्पसाठी: बेकरीवाल्यांचा स्वतंत्र कार्यक्रम शोधत बसू नका, तो कदाचित नसेलच. बेकरीची यंत्रं किंवा चॉकलेट विकणाऱ्या कंपन्या बेकरीवाल्यांसाठी यूट्यूबवर वर्ग घेतात. तिथे पाहुण्या म्हणून संत्र्याच्या पल्पचा केक दाखवता येईल. त्याला कोणी पॉडकास्ट म्हणत नाही, पण ऐकणारे सगळे बेकरीवालेच.

रेशीमबाग_एडिटर

आणि जिथे होकार आलाय तिथे रेकॉर्डिंगच्या आधीच मेलवर विचारून ठेवा: आपल्याला क्लिप कापून वापरता येतील का, मूळ फाईल मिळेल का, भाग टाकण्याआधी तांत्रिक चुका तपासायला ऐकवतील का. नंतर विचारलं की लोक टाळाटाळ करतात. मोटरचा एचपी चुकीचा गेला तर गिऱ्हाईक तोच आकडा धरून बसेल.

धंतोलीची_पीआरवाली

आज संध्याकाळीच मेल करते. @झिरोमाईलचा_पोरगा, असले वर्ग घेणाऱ्या दोन-तीन चॅनेलची नावं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करशील का? ताईंना रविवारी भेटायला काटोलला जातेय, सोबत यादी नेते.

झिरोमाईलचा_पोरगा

केला व्यनि. तिसऱ्या चॅनेलवाल्यांना मराठी चालते, तिथून सुरू करा.